वर्गाचं सुतक

पोरं गप्प कशी बसवायची, हे मला अजून लोक विचारतात. नव्यानं लागलेल्या मास्तरणी तर हटकून विचारतात. बाजारात भेटल्या, कुणाच्या लग्नात भेटल्या, की बाजूला घेतात आणि म्हणतात, "बाई, तुमचा वर्ग म्हणं लई शिस्तीचा होता. काय करत होता, सांगा की." मी हसते आणि म्हणते, "चहा घेणार का?" कारण ते सांगायला बसलं तर लांबण लागते. आज बसलेच आहे, तर सांगून टाकते.

आमचं गाव बीदरकडचं, कमलनगर तालुक्यातलं. शाळा एकच, पण आत दोन. कानडीची पोरं एका अंगाला, मराठीची दुसऱ्या अंगाला. कानडीला मास्तर मिळायचे. मराठीला आलेला मास्तर थोडे दिवस बसायचा, खोलीचं छत बघायचा, आणि बदली करून घ्यायचा. शेवटी शाळेच्या कमिटीनं मलाच बसवलं. मी काही शिकलेली मास्तरीण नव्हे बरं का. सातवी झाली आणि लग्न झालं. पुढचं दहावीपर्यंतचं मी घरात केलं, माझ्या मुलांची पुस्तकं त्यांच्या आधी वाचून. कानडी अक्षरं शिकले ती बसच्या पाट्यांवरून. ट्रेनिंग म्हणून कधी कुठं गेले नाही.

त्यामुळं वर्ग सांभाळायचा कसा, हे मला पोरांनीच शिकवलं. पहिली ते चौथी, चारही वर्ग एका खोलीत. एकाला पाढे द्यायचे, एकाला कविता, एकाला चित्र, आणि पहिलीला जवळ घेऊन बसायचं. गलका तर होणारच. पण गलक्या-गलक्यात फरक असतो. कामाचा गलका गुळाच्या काहिलीसारखा असतो, सारखा खदखदतो, त्याच्याकडं बघायची गरज नसते. भांडणाचा मधेच टोकदार होतो. आणि सगळं एकदम थांबलं, तर खुशाल समजावं की काहीतरी फुटलंय, नाहीतर कुणाच्या दप्तरात सरडा आहे. फळ्याकडं तोंड करून उभी असले तरी मला मागचं सगळं कळायचं. छडी मी ठेवली नाही. छडी जवळ असली की हात तिकडंच जातो. जो जास्त दंगा करील त्याला माझ्या शेजारी बसवायचं आणि काम लावायचं, घागर भर, डस्टर झटक, पाट्या वाट. अगदीच हाताबाहेर गेलं तर मी आवाज खाली आणायची. गोष्ट सांगायला लागायची, पण पुटपुटल्यासारखी. मग पुढची ओळच मागच्या ओळीवर डाफरायची, "गप ए, बाई काय सांगायल्यात ऐकू येईना!"

हेडमास्तर कानडीकडचे. फार चांगला माणूस. मला अक्कोर म्हणायचे, आमच्याकडं कानडीत बाईमास्तरांना तसंच म्हणतात. दिवसातून एकदा दारात येऊन त्यांचं ठरलेलं.

"अक्कोर, काय बाजार भरवला काय आज? माझ्या पोरांना माझंच कानडी ऐकू येईना."

"भाजी स्वस्त हाय सर. पिशवी आणा."

असं चाललं होतं.

त्या वर्षी शाळा उघडली आणि थोड्याच दिवसांत माझे मालक गेले. ते कमलनगरच्या स्टँडवरून खेड्यांकडं जीप चालवायचे. दुपारची वेळ, गाडी भरायची वाट बघत स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते. गाडी भरली. मागून बाया म्हणाल्या, "अण्णा, भरली की, सोडा आता." कुणीतरी म्हणालं, डोळा लागलाय अण्णाचा, राहू द्या जरा. आणि सगळी माणसं तशीच बसून राहिली, उन्हात, दाटीवाटीनं, त्यांच्या मागं.

हे मला लोकांनी सांगितलं. मी ऐकलं. ऐकताना माझं लक्ष सांगणाऱ्याच्या शर्टाच्या तुटलेल्या गुंडीकडं होतं.

रडायला बाया आल्या. मला रडू येईना. नवरा गेलेली बाई रडली नाही तर ते छातीत बसतं म्हणतात, म्हणून एका म्हातारीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. चांगला जोरात काढला. मी म्हटलं, "लागलं की." एवढंच. मग तिनं सोडून दिलं.

तेरावं झालं. नणंद म्हणाली, सव्वा महिना कोपऱ्यात बसायचं असतं, बाहेर पडायचं नसतं. पण शाळेतून सरांचा निरोप आला होता, मराठीची पोरं नुसती बसून आहेत, कुणीच नाही. मी म्हटलं जाते. नणंद म्हणाली, "लोक काय म्हणतील वैनी?" मी म्हटलं, "म्हणू दे." धीट होते म्हणून म्हटलं असं समजू नका. कोपऱ्यात बसलं काय आणि खुर्चीवर बसलं काय, मला तेव्हा दोन्ही सारखंच होतं.

वर्गात गेले. पोरं उभी राहिली, मी हात केला, बसली. मी फळ्यावर लिहिलं, त्यांनी उतरवून घेतलं. मी पाट्या तपासल्या, त्यांनी पुसल्या. दुपारी जेवायची घंटा झाली तेव्हा ती ओळीनं बाहेर गेली. आवाज नव्हता. आवाज नाही, हे मला कळत होतं का? कळत असावं. पण तेव्हाचं माझं सगळंच तसं होतं बघा. जेवणाला चव होती, पण ती दुसऱ्या कुणाच्या तोंडात असल्यासारखी. पाऊस लागला, सोयाबीन वर आलं, गावात लग्नं झाली, बारशी झाली. मी बघत होते. शाळेत जात होते, येत होते.

पोरांकडून मोठ्यानं वाचून घेणं सुटलं. कविता म्हणून घेणं सुटलं. पाढे मी फळ्यावर लिहायची आणि ती लिहायची. गोष्ट तर मी सांगितलीच नाही. कुणी मागितलीही नाही.

हेडमास्तर अधूनमधून दारात यायचे, आत बघायचे, मान हलवायचे आणि हळूच म्हणायचे, "चालू द्या अक्कोर, चालू द्या." भाजीबाजाराचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आषाढात मेंढरंवाले गावात परत येतात. पावसाळा इथं काढतात आणि दिवाळीनंतर पुन्हा कळप घेऊन निघतात. त्यांच्यातल्या एका धनगराची पोरगी त्या साली पहिलीत आली. अंगात थोरल्या भावाचा सदरा, गुडघ्याच्या खाली येणारा. तिला दारापाशी जागा मिळाली. चौथीची एक मुलगी माझी मॉनिटर होती, हुशार आणि भारी कडक. तिनंच या नवीन पोरीला कुठं बसायचं, पाटी कुठं ठेवायची ते दाखवलं. ती पोरगी बसली. बोलली नाही. पहिल्या दिवशी कुणीच बोलत नाही. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. मग ती बोलत नाही हीच तिची ओळख झाली. अक्षरं मात्र ती चित्र काढल्यासारखी काढायची, फळ्यावरचं हुबेहूब. त्यातल्या एकाचाही आवाज तिला ठाऊक नव्हता.

श्रावणात बीदरहून साहेब आले. संतपूरकडच्या शाळा बघून आमच्याकडं आले. माझ्या दारात उभे राहिले, आणि उभेच राहिले. मी खडू हातात घेऊन बघत होते, हा माणूस आत का येत नाही.

"बाई," ते म्हणाले, आणि तेसुद्धा हळू आवाजात म्हणाले, "चार वर्ग, एक खोली, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल! सकाळपासून बघतोय, कुठं मास्तर वरडायलाय, कुठं पोरं बाकावर चढायलेत. तुम्ही करता काय?"

"काही न्हाई."

"असं कसं? येत्या बैठकीला कमलनगरला या. आमच्या मास्तर लोकांना सांगा जरा."

गेले. का गेले असं विचाराल तर या म्हटलं म्हणून गेले. हॉलमध्ये मास्तर, मास्तरणी वह्या उघडून बसलेले. साहेबांनी माझं लई वर्णन केलं. मग मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी काही करत नाही." सगळे हसले. त्यांना वाटलं बाई विनयानं बोलते.

बीदरच्या मैलूर भागातून रोज बसनं येणारी एक कोवळी मास्तरीण होती. तिनं हात वर केला. "पण बाई, पोरं बोललीच तर काय करता?"

"बोलत न्हाईत."

"मारता का?"

"न्हाई."

"मग वर्गाबाहेर उभं करता?"

"न्हाई गं बाई."

"मग भ्यात कशाला इतकी?"

"भ्यात असं बी न्हाई वाटत."

ती लिहिता लिहिता थांबली. मागून एक जुने मास्तर म्हणाले, "दरारा म्हणत्यात त्याला. तो काय शिकवून येतोय व्हय?" सगळ्यांना ते पटलं. मग मला नारळ दिला. नारळाच्या आधी एक मुलगी हळदीकुंकवाचं ताट घेऊन बायकांच्या ओळीतून येत होती, ती माझ्यापाशी आली, थबकली, आणि ताट घेऊन पुढच्या बाईकडं गेली. तिला लाजल्यासारखं झालं. मला काही झालं नाही. नारळ घेऊन जीपमध्ये बसले आणि घरी आले.

एवढ्यात हेडमास्तरांचं लक्ष त्या धनगराच्या पोरीकडं गेलं. त्यांनी जेवायच्या सुटीत व्हरांड्यात तिच्या मागं जाऊन टाळी वाजवली. ती वळली. नाव विचारलं, तिनं गिरवून हाताला बसलेलं पाटीवर लिहून दाखवलं. "ऐकू येतंय," ते मला म्हणाले, "पण वाचा नाही दिसत बिचारीला." दसऱ्याच्या सुटीत त्यांनी तिच्या बापाला गाठून सांगितलं की पोरगी मुकी आहे, बीदरला मोठ्या दवाखान्यात दाखवून आण.

सुटी संपून शाळा उघडली त्याच दिवशी बाप आला. उंच माणूस, खांद्यावर घोंगडं, वहाणा लांब काढून ठेवलेल्या. पोरगी त्याच्या घोंगड्याच्या आड. तो दाराबाहेरच उभा राहिला.

"बाई, एक इचारायचं हाय."

"या की आत."

"न्हाई, हितंच बराय. बाई, म्या तुमच्याकडं बोलतं लेकरू दिलतं. तुमी मुकं कामून परत द्यायलाव?"

मला कळेना. मी म्हटलं, "घरी बोलती का?"

"घरी? आमच्या म्हातारीला घास गिळू देईना. मराठीत भांडती, कानडीत भांडती, आन् कुत्र्याला शिव्या द्यायच्या तर तेलुगूत. औरादकडं, तेलंगणाच्या शिवंवर व्हतो न्हवं का आमी दोन साल. मुकी म्हणं! सर म्हणायलेत बीदरला न्या. नेऊन काय दावू? डाक्टरसमोर ही त्याच्याबी आईचा उद्धार करंल."

"हितं एक शब्द न्हाई बोलली आजपर्यंत."

"त्येच म्हणायलोय. दिवाळीचा पाडवा झाला की कळप हलवायचाय आमाला. पोरगी शिकत आसंल तर आत्याजवळ ठिवतो. न्हाई तर नेतो संगं, कोकरं सांभाळंल. हितं दगडावानी बसवून काय करू, सांगा तुमी?"

एकदा कळपामागं गेलेली पोरगी पुन्हा शाळेत येत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. त्याला तिला न्यायचं नव्हतं, नाहीतर असा वहाणा काढून विचारायला आला नसता.

मी खाली वाकले. "काय गं, बोलत कामून न्हाईस?"

तिनं तोंडावर बोट ठेवलं. भिऊन नव्हे. उलट मलाच बजावल्यासारखं, की बाई, हळू.

"आगं सांग की बाईला," बाप म्हणाला, "घरी सांगतीस त्ये."

तिनं त्याला खाली ओढलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो सरळ झाला, माझ्याकडं बघितलं, आणि मग खाली बघितलं. माझ्या मोकळ्या कपाळाकडं त्याची नजर गेली होती.

"काय म्हणती?"

"म्हणती... शाळंत सुतक हाय."

"कुणाचं?" मी विचारलं.

हे मी विचारलं बघा. मी.

मागं वळून बघितलं तर सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता, आणि मॉनिटर हात वर करून उभी होती. "बोल," मी म्हटलं.

"तुमचं, बाई," ती म्हणाली. "तुमी यायच्या आदल्या दिशी सरनी सांगितलं. बाईला सुतक हाय, वर्गात कुणी तोंड उघडायचं न्हाई. बाई स्वतः सांगेस्तोवर." आणि मग, "तुमी सांगितलंच न्हाई की."

आता हे तुम्हाला समजावून सांगते. आमचे सर लिंगायत. त्यांच्यात सुतक पाळत नाहीत, मेलेल्याच्या घरी शिवाशिव नाही, काही नाही. आम्ही पाळतो हे त्यांना माहीत, पण ते कसं धरतात आणि कधी सुटतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. माझा मान राखावा म्हणून त्या भल्या माणसानं नियम घातला, आणि शेवट कधी करायचा ते माझ्यावर सोडलं. मला मात्र नियम घातलाय हेच सांगितलं नाही. असं तोंडावर कसं सांगायचं, म्हणून. आणि पोरं सगळी सुतक पाळणाऱ्या घरांतली. घरात तेरा दिवसांनी फिटतं हे त्यांना चांगलं ठाऊक, पण शाळेचं सुतक त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांना वाटलं, शाळेचं मोठं असेल. माझ्या तोंडाकडं बघून तर तसंच वाटत असणार. नवीन जे आलं त्याला मॉनिटरनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. बाकीच्यांना आधीचा वर्ग तरी आठवत होता. ह्या पोरीनं शाळा म्हणून बघितली ती हीच. तिला वाटलं, शाळा असलीच असते, वर्गात आणि व्हरांड्यातसुद्धा.

मी विचारलं, "मग बाहेर जायचं असलं तर काय करायलाव?"

मॉनिटरनं करंगळी दाखवली. मूठ दाखवली म्हणजे पेन्सिल दे. कानाची पाळी धरली म्हणजे सर यायलेत. भांडायचं असलं तर? तिनं शेजारच्या पोराची बाही वर केली. दंडावर चिमट्यांचे डाग होते, काही जुने, काही नवे. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. साहेबांनी दारात उभं राहून बघितली ती ही शिस्त.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मी वाट बघितली. ते आलं नाही, तशी खुर्चीवर बसले.

बाप दारातून म्हणाला, "मग बाई... फिटलं न्हवं सुतक?"

"कवाच फिटलं."

"मग सांगा की त्यास्नी."

मी वर्गाला सांगितलं, "पोरांनो, सुतक फिटलंय. बोला आता."

सगळ्यांनी मॉनिटरकडं बघितलं. तिनं पुन्हा हात वर केला.

"बाई, असं नुसतं म्हणून न्हाई फिटत. घर धुवावं लागतंय. आंघोळी कराव्या लागत्यात. तोंड गोड करावं लागतंय."

"माझ्या आज्याच्या टायमाला बुंदी केलती," मागून एकजण म्हणाला आणि आपणच दचकून तोंडावर हात ठेवला.

"बरुबर बोलायलीय पोरगी," धनगर म्हणाला. "रीत ती रीत. मी पाडवा झाला की येतो बाई." आणि पोरीला आत ढकलून गेला.

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं आंघोळ करून आली, हे सांगण्यासारखं, कारण एरवी निम्म्यांच्या कानामागं मळ असायचा. हापशावरून पाणी आणलं. दप्तरं व्हरांड्यात, बाकडी भिंतीला. मॉनिटर खराटा घेऊन उभी, आणि हातानंच सांगत होती, इकडून ओत, तिकडून ओढ. अजून सगळं मुक्यानंच चाललं होतं. फरशीवरून पाणी दारातून बाहेर जायला लागलं आणि नेमके हेडमास्तर आले.

"एन्री अक्कोर, काय चाललंय हे?"

"सुतक फेडायलाव सर."

त्यांनी पायाखालच्या पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अजून होतं?"

"पोरांचं होतं."

"किती दिवसांचं असतं तुमच्यात?"

"तेरा, सर."

ते दिवस मोजायला लागले असावेत, कारण त्यांचे ओठ हलत होते. मग म्हणाले, "आमच्यात नसतंय. मला काय ठाऊक अक्कोर? मला वाटलं, एवढी गप्प बसलीत म्हणजे चालू असेल." आणि परत वळताना ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला. पडले नाहीत, दाराची चौकट धरली. पण हातातली घंटेची दांडी सुटून पाण्यात पडली, खणकन. मागच्या ओळीतून एक हसू फुटलं. दाबायला गेला तर ते नाकातून फुटलं. मग दुसरं. मग सरही हसले, आणि मग काय विचारता.

घराघरातून आणलेला गूळ वाटला. त्या धनगराच्या पोरीनंही हात पुढं केला, गूळ खाल्ला, आणि त्या गलक्याला घाबरून व्हरांड्यात दप्तरांच्या ढिगात जाऊन बसली.

म्हणजे बाकीच्यांचं फिटलं. हिचं नाही. बाकीच्यांना पाठीमागं काही होतं, ती तिथं परत गेली. हिला परत जायला काही नव्हतं. इतके महिने ही शांत जागा होती आणि आता तिथं एकदम जत्रा झाली. मी तिला रोज आत आणून जवळ बसवत होते. त्यापलीकडं मी काही युक्ती केली असं सांगता येणार नाही. माझ्यात तेवढं त्राणच नव्हतं. गोष्ट सांगायला बसले तर अर्ध्यात विसरत होते, आणि पोरंच पुढचं सांगत होती. वाचून घ्यायला लागले तेव्हा दुसरीची निम्मी पोरं अडखळली. मोठ्यानं वाचायचं विसरली होती. हिची पाळी आली की ही पुस्तकाकडं बघायची, माझ्याकडं बघायची, आणि बोट तोंडावर. मी म्हणायची, "फिटलंय गं." ती मान हलवायची. व्हय, फिटलंय. पण बोट तिथंच.

दिवाळी जवळ आली. एकदा बाजाराच्या दिवशी तिचा बाप रस्त्यात भेटला, आणि काही विचारलं नाही. नुसतं बघितलं. मीही नुसती मान हलवली, नाही म्हणून.

आणि मग एका दुपारी मी फळ्यावर तिसरीची गणितं लिहीत होते. मागं गलका चालू होता, कामाचा, भांडणाचा, दोन्ही. त्यातून एक आवाज आला.

"बाई, ह्यो माझी पेन्सिल खायलाय."

आता वर्गात दिवसभर हेच चालतं हो. ह्यानं मारलं, त्यानं घेतलं, हिनं वेडावलं. मास्तरणीचं एक बोट फळ्यावर असतं आणि तोंड आपोआप उत्तर देतं. माझ्याही तोंडानं दिलं. मागं न बघता मी म्हटलं, "गप्प बस गं."

म्हटलं, आणि मागचा सगळा गलका थांबला. त्या थांबण्यानं माझा हात थांबला. वळून बघितलं तर सगळा वर्ग तिच्याकडं बघत होता. धनगराची पोरगी उभी होती. शेजारी दुसरीतला एक पोरगा, तोंडाभोवती पाटीच्या पेन्सिलीचा पांढरा भुगा. आणि मॉनिटरचं बोट, सवयीनं, अर्ध्यापर्यंत वर आलेलं.

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. बोल बाई, बोल, असं काहीतरी.

"न्हाई बसत," ती म्हणाली. "आदी ह्याला सांगा. आर्धी खाल्ली ह्येनं. अप्पानं आणलेली हाय ती." आणि मग त्या पोराकडं वळून तिनं तेलुगूत काहीतरी घातलं, जे आमच्यात कुणालाच कळलं नाही, पण त्या पोरानं तोंडातला तुकडा काढून तिच्या हातात ठेवला.

"थुंका लागलाय त्याला," ती म्हणाली. "धुऊन दे."

तो धुवायला पळाला. त्याच्यामागं सगळे पळाले. मी कुणाला अडवलं नाही.

पाडवा झाला. शाळा उघडली त्या सकाळी कळप रस्त्यानं निघाला होता, घोड्यावर बाडबिस्तारा, वर बांधलेल्या कोंबड्या. बाप कळप पुढं लावून देऊन खिडकीपाशी आला. आत बघत उभा राहिला. मी बाहेर गेले. आत काय चाललंय हे त्याला सांगायची गरज नव्हती, वेशीपर्यंत ऐकू येत होतं. त्यानं कान देऊन बघितलं. मग म्हणाला, "ह्यात माझी कोणची वरडायलीय, त्येच कळंना बाई."

"चार जणींमधी बसलीया तुमची."

"ठिवू मग?"

मालक गेल्यापासून मी कुणाला कसला शब्द दिला नव्हता. कुणी मागितलाही नव्हता. हो म्हणतानाही तेव्हा आत काही हललं नाही. पण म्हटलं. "ठेवा. मी हाय."

"आत्याला तरास दिली तर हाणा तिला," तो म्हणाला. "न्हाई, हाणू नका. सांगा नुसतं."

ती तेवढ्यात दारात आली. येताना काचेच्या बांगड्या आणायच्या, कुत्र्याला उपाशी ठेवायचं नाही, तिच्या पांढऱ्या कोकराला विकायचं नाही, विकलं तर ती म्हातारीला सांगेल. तो हो हो म्हणत चालत राहिला. ती ओरडून सांगत राहिली. रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत कुणीही फळ्याकडं बघितलं नाही.

तेव्हा मला बरं वाटलं का, असं माझी नणंद अजून विचारते. खरं सांगायचं तर डोकं दुखत होतं. इतका गलका ऐकायची सवय गेली होती. मी आत गेले, तिसरी-चौथीला गणितं दिली, आणि पहिलीला वाचायला जवळ घेतलं. तिची पाळी आली. मी अक्षरावर बोट ठेवलं.

"मला न्हाई येत," ती म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

खरंच येत नव्हतं. इतके महिने कुणी तिच्याकडून म्हणून घेतलंच नव्हतं, कुठून येणार?

"ग," मी म्हटलं.

"ग," ती म्हणाली.

मी बोट पुढच्या अक्षरावर नेलं.